सर्पगंधा

सर्पगंधा : (म. हरकाय, अडकई, हिं. छोटा चांद, धवलबरुआ, बं. चंद्र, क. सूत्रनाभी, सं. सर्पगंधा, चंद्रिका, लॅ. रौवोल्फिया सर्पेंटिना, कुल-ॲपोसायनेसी). उष्ण कटिबंधातील दमट वनांत वाढणारे हे लहान, सरळ, सदापर्णी झुडूप आहे. कण्हेर, सदाफुली, करवंद व सातवीण या परिचित वनस्पती याच कुलातील होत. भारतात हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश, सिक्कीम, आसाम, बिहार व ओडिशातील वने, पूर्व व पश्चिम घाट, कोकण आणि अंदमान बेटे येथे, तसेच नेपाळ, श्रीलंका, म्यानमार, थायलंड व इंडोनेशिया या देशांत ते आढळते. सस. पासून सु. १,२०० मी. उंचीपर्यंत, बहुधा साल किंवा बांबूच्या सावलीत ते वाढते. आधुनिक वैद्यकाला अतिरिक्त रक्तदाबावर व मानसिक विकारांवर प्रथमच परिणामकारक ठरलेली औषधे देणाऱ्या वनस्पतींत हिचे स्थान महत्त्वाचे असून, ज्या वनस्पतीवरून मेंदूच्या रसायनशास्त्राचे एक नवे दालन उघडले अशी भारतीय वनस्पती दुसरी सांगता येणार नाही.

झुडूप क्वचितच एक मीटरपर्यंत वाढते. सामान्यपणे उंची १५ ते ४५ सेंमी. असते. पाने साधी, गुळगुळीत, वर गडद हिरवी व खाली फिकट, प्रत्येक पेऱ्यावर तीन किंवा चार अशी मंडलाकार असतात. फुले लहान, पांढरी, किंचित गुलाबी किंवा जांभळट छटेची असून त्यांचे देठ व संवर्त लालभडक असतात; त्यामुळे हिरव्या रानात हे झुडूप फुलोऱ्याच्या काळात दुरूनही ओळखू येते. अश्मगर्भी फळे वाटाण्याएवढी, प्रथम हिरवी व पिकल्यावर जांभळट काळी, चकचकीत होतात. औषधाच्या दृष्टीने सर्व महत्त्व मुळाला आहे. ते मांसल, वेडेवाकडे, वरून फिकट तपकिरी व आत पिवळट असते. ताज्या मुळाला विशेष वास नसतो, पण चव अतिशय कडू असते व जिभेवर बराच वेळ टिकते.

नावाचा इतिहास : वेडेवाकडे, सापासारखे मूळ आणि सर्पदंशावरील उपयोग या दोन गोष्टींमुळे या वनस्पतीचे नाव संस्कृतात, लॅटिनमध्ये आणि अनेक देशी भाषांत सापाशी जोडले गेले. सापाशी लढण्यापूर्वी मुंगूस हिचे मूळ किंवा पाला चघळते, ही कथा भारतात व आग्नेय आशियात पूर्वापार सांगितली जाते. संस्कृतातील ‘नाकुली’ (नकुल म्हणजे मुंगूस) हे नाव काही जण याच वनस्पतीला लावतात ते या कथेवरूनच. गोव्यात दीर्घकाळ राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादात्मक ग्रंथात सर्पदंशावर वापरल्या जाणाऱ्या ‘सर्पकाष्ठा’चे प्रकार वर्णिले असून, मुंगसाची कथाही त्यात दिली आहे. यांपैकी एक प्रकार म्हणजे सर्पगंधा असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मुंगूस सापाला भारी पडते ते त्याच्या चपळाईमुळे व नागाच्या विषाला त्याच्या शरीरात असलेल्या स्वाभाविक प्रतिकारामुळे. त्याकरिता त्याला कोणत्याही मुळीची गरज लागत नाही. परंतु कथा टिकली आणि तिच्याबरोबर मुळीही टिकली.

मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध केलेल्या होर्तुस मलबारिकुस या ग्रंथात ही वनस्पती तिच्या मल्याळम् नावाने व चित्रासह आली आहे. या ग्रंथाच्या माहितीला रंगभट, विनायक पंडित व आपूभट या तीन कोकणी वैद्यांचा आधार होता आणि त्यांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापले आहे. देशी वैद्यांचे ऋण इतक्या उघडपणे मान्य करणारी उदाहरणे पुढील काळात फारशी आढळत नाहीत.

लिनीअस यांनी १७५३ मध्ये या वनस्पतीला ‘ऑफिओझायलॉन’ म्हणजे ‘सर्पकाष्ठ’ या अर्थाचे प्रजातिनाम दिले होते. पुढे ती रौवोल्फिया प्रजातीत घालण्यात आली. हे प्रजातिनाम शार्ल प्ल्यूम्ये या फ्रेंच धर्मोपदेशक वनस्पतिवैज्ञानिकाने १७०३ मध्ये वेस्ट इंडीजमधील एका वेगळ्याच वनस्पतीसाठी योजिले होते. त्याने ते आउग्सबर्ग येथील वैद्य लेओनहार्ट राउव्होल्फ यांच्या स्मरणार्थ दिले. राउव्होल्फ यांनी १५७३ ते १५७६ या काळात अलेप्पो, बगदाद इ. भागांत प्रवास केला आणि १५८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात कॉफीपानाचे वर्णन केले. यूरोपीय वाचकांना मिळालेल्या अशा सुरुवातीच्या वर्णनांत त्याची गणना होते. ते भारतात कधी आले नाहीत व सर्पगंधा त्यांनी पाहिलेलीही नव्हती. तरीही विसाव्या शतकात जगभरच्या औषधालयांत या भारतीय मुळीची ओळख त्यांच्याच नावाने झाली.

प्राचीन व लौकिक उपयोग : सर्पगंधेचा इतिहास लिहिताना तिचा वापर तीन हजार वर्षे अखंड होत आला आहे, असे विधान पुष्कळदा केले जाते. ते सावधपणे घ्यावयास हवे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत ‘सर्पगंधा’, ‘नाकुली’ अशी नावे विषघ्न द्रव्यांच्या संदर्भात आली आहेत. मात्र ती आजच्या याच वनस्पतीची आहेत, याबद्दल एकमत नाही. एकाच नावाने निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळी द्रव्ये वापरली जाणे, ही आयुर्वेदीय द्रव्यगुणाच्या अभ्यासातील नेहमीची अडचण आहे. रक्तदाब ही कल्पनाच अर्वाचीन असल्यामुळे त्यावरील उपचार प्राचीन ग्रंथांत शोधणे व्यर्थ होय.

लौकिक वापराची गोष्ट वेगळी. बिहारमध्ये व संयुक्त प्रांतात हिचे मूळ बाजारात ‘पागल की दवा’ म्हणून विकले जात असे आणि उन्माद, अपस्मार व निद्रानाश यांवर वैद्य व हकीम ते देत असत. रडणाऱ्या मुलांना निजविण्यासाठी त्याची भुकटी देण्याची चालही होती. मुळाचा काढा ज्वर, आमांश व पोटदुखीवर आणि प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचे आकुंचन वाढविण्यासाठी वापरीत. या उपयोगांपैकी सर्पदंशावरचा उपयोग, ज्यावरून वनस्पतीला नाव मिळाले तोच, निराधार ठरला : सर्पविषाचा परिणाम नाहीसा करणारे कोणतेही द्रव्य या मुळात नाही आणि सर्पदंशावर प्रतिविषाची सुई हाच खात्रीचा उपाय आहे. उलट ग्रंथांत फारसा न आलेला, बाजारातील ‘पागल की दवा’ हा उपयोग प्रयोगशाळेच्या कसोटीला उतरला.

दिल्ली व कलकत्ता : १९३१ हे वर्ष सर्पगंधेच्या अर्वाचीन इतिहासाचा आरंभ मानावे लागेल. त्या वर्षी परस्परांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणांहून तिच्यावरील संशोधन प्रसिद्ध झाले.

दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालयाचे संस्थापक हकीम अजमलखान (मृत्यू १९२७) यांची, देशी औषधांचा अभ्यास अर्वाचीन रसायनशास्त्राच्या पद्धतीने व्हावा, अशी इच्छा होती. त्यांच्या प्रेरणेने तेथे संशोधन विभाग निघाला व जर्मनीत शिक्षण घेऊन परतलेल्या सलीमुझ्झमान सिद्दिकी यांच्याकडे तो सोपविण्यात आला. सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळापासून पाच अल्कलॉइडे स्फटिकरूपात वेगळी केली. त्यांपैकी पांढऱ्या गटातील तिघांना अजमलीन, अजमलिनीन व अजमलिसीन अशी नावे अजमलखानांच्या स्मरणार्थ देण्यात आली. पिवळ्या गटातील दोन म्हणजे सर्पेंटीन व सर्पेंटिनीन. वनस्पतीच्या पाश्चात्त्य नावात जे घडले नाही ते या अल्कलॉइडांच्या नावांत घडले. सिद्दिकी १९५१ मध्ये पाकिस्तानात गेले व तेथील वैज्ञानिक संशोधनाच्या उभारणीत त्यांनी मोठा वाटा उचलला.

त्याच वर्षी कलकत्त्याचे कविराज व वैद्यकाचे पदवीधर गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व अतिरिक्त रक्तदाब या दोन्हींवर सर्पगंधेचा गुण येतो, असे एका लेखात नोंदविले. मुळाची भुकटी दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी २० ते ३० ग्रेन दिल्यास रोगी शांत होतो, त्याला झोप लागते व त्याचा रक्तदाब उतरतो, असा त्यांचा अनुभव होता. मन शांत करणारे व रक्तदाब उतरविणारे गुण एकाच मुळीत आहेत ही त्या लेखातील मूलभूत गोष्ट होय. पुढील पंचवीस वर्षांतील सर्व संशोधन या एका वाक्याचा विस्तार आहे, असे म्हटले तरी चालेल. १९३३ मध्ये कलकत्त्याच्या उष्ण कटिबंधीय वैद्यक संस्थेतील रामनाथ चोप्रा, जे. सी. गुप्ता व बी. मुखर्जी यांनी प्राण्यांवर प्रयोग करून रक्तदाब उतरत असल्याचे दाखविले.

एक कोडे मात्र उरले होते. सिद्दिकींनी वेगळी केलेली शुद्ध अल्कलॉइडे वापरली असता मूळ भुकटीइतका शामक परिणाम मिळत नसे. १९४४ मध्ये गुप्ता व त्यांचे सहकारी यांनी डेहराडूनकडील मुळांतून निघालेल्या रेझिनयुक्त अंशात निद्राकारक गुण असल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे हवे असलेले द्रव्य स्फटिकांत नसून, रसायनज्ञ सामान्यतः टाकून देतात त्या चिकट गाळात होते. ते शोधण्यास लागणारी साधनसामग्री त्या वेळी भारतात पुरेशी नव्हती.

मुंबई : दरम्यान १९३४ पासून हिमालया ड्रग कंपनीने मुळाच्या गोळ्या ‘सर्पिना’ या नावाने बाजारात आणल्या होत्या व भारतीय डॉक्टर त्या वापरू लागले होते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील रुस्तुम जाल वकील (१९११–७४) यांनी हे औषध सु. दहा वर्षे आपल्या रोग्यांवर वापरून पाहिले. त्या काळी अतिरिक्त रक्तदाबावर खात्रीचे औषध नव्हते. मीठवर्ज्य आहार, विश्रांती व सौम्य शामके किंवा तंत्रिका कापण्याची मोठी शस्त्रक्रिया एवढेच उपाय उपलब्ध होते. वकील यांनी ५० रोगी निवडले; प्रथम काही काळ त्यांना औषध न देता त्यांच्या रक्तदाबाच्या नोंदी घेतल्या, मग चार आठवडे गोळ्या दिल्या व औषध थांबविल्यानंतरही नोंदी चालू ठेवल्या. बहुसंख्य रोग्यांचा रक्तदाब उतरला, तो हळूहळू उतरला व औषध थांबविल्यावरही काही काळ उतरलेलाच राहिला. गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत.

हा लेख १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात नवा शोध असा काही नव्हता. भारतीय नियतकालिकांतून त्याच अर्थाचे लेख अठरा वर्षे येत होते. वकिलांनी केले ते एवढेच, की पाश्चात्त्य वैद्यकाला पटेल अशा पद्धतीने ते मांडले व पाश्चात्त्य डॉक्टर वाचतात त्या ठिकाणी छापले. परिणाम मात्र विलक्षण झाला. बॉस्टनचे हृद्‌रोगतज्ञ रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचून भारतातून गोळ्या मागविल्या आणि १९५० ते १९५२ या काळात आपले अनुभव प्रसिद्ध केले. रक्तदाब तर उतरतोच, शिवाय रोगी गुंगीत न जाता शांत व निवांत होतात, हे त्यांनी आवर्जून नोंदविले. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लॅस्कर पुरस्कार इतर संशोधकांसमवेत विभागून मिळाला.

बाझेल व न्यूयॉर्क : स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत योहानेस म्यूलर, एमिल श्लिटलर व हूगो बाइन यांनी १९५२ मध्ये मुळाच्या रेझिनयुक्त अंशातून रेसर्पीन हे अल्कलॉइड शुद्ध रूपात मिळविले. कलकत्त्याच्या संशोधकांनी बोट दाखविलेल्या अंशातच ते सापडले. पुढच्याच वर्षी ते बाजारात आले. भुकटीची मात्रा ग्रॅममध्ये मोजावी लागे, तर रेसर्पिनाची मिलिग्रॅमच्या अंशांत. १९५६ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठातील रॉबर्ट वुडवर्ड यांनी रेसर्पिनाचे पूर्ण संश्लेषण साध्य केले. कार्बनी रसायनशास्त्रातील तो एक आदर्श मानला जातो (वुडवर्ड यांना १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले), तरी औषधासाठी लागणारे रेसर्पीन पुढेही मुख्यतः मुळांपासूनच काढले गेले, कारण ते स्वस्त पडे.

न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड राज्य मनोरुग्णालयातील नेथन क्लाइन यांनी १९५४ मध्ये मनोरुग्णांवरील सर्पगंधेच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आरडाओरडा व तोडफोड करणारे रोगी बोलण्याच्या स्थितीत येऊ लागले, खोल्यांच्या फुटणाऱ्या काचांचा खर्चदेखील घटला, अशा हकिगती त्या काळातील आहेत. फ्रान्समध्ये शोधल्या गेलेल्या क्लोरप्रोमॅझीन या कृत्रिम औषधाचा वापरही त्याच सुमारास सुरू झाला होता. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत सु. ५,५९,००० रोगी होते. त्यानंतर ही संख्या सतत घटत गेली. या घटीचे श्रेय प्रामुख्याने क्लोरप्रोमॅझिनाला व नंतर बदललेल्या सरकारी धोरणाला द्यावे लागेल. तथापि मनोविकार औषधाने काबूत येऊ शकतो, हा विश्वास निर्माण करण्यात सर्पगंधेचा वाटा निर्विवाद आहे.

मेंदूचे रसायनशास्त्र : सर्पगंधेची सर्वांत टिकाऊ कामगिरी कदाचित औषध म्हणून नव्हे, तर संशोधनाचे साधन म्हणून झाली. १९५५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांतील बर्नार्ड ब्रॉडी व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, रेसर्पीन दिल्यावर प्राण्यांच्या शरीरातील सेरोटोनिनाचा साठा रिता होतो. तंत्रिकांच्या टोकाशी संदेशवाहक द्रव्ये सूक्ष्म पुटिकांत साठविलेली असतात. रेसर्पीन ही साठवण अडविते, त्यामुळे द्रव्ये बाहेर पडून नष्ट होतात. रक्तवाहिन्यांना आकुंचित करणारे नॉरॲड्रेनॅलीन असे संपले की वाहिन्या सैल होतात व रक्तदाब उतरतो. साठा पुन्हा भरण्यास दिवस लागतात, म्हणून औषध थांबविल्यावरही परिणाम टिकतो. वकिलांच्या नोंदींतील हे निरीक्षण असे स्पष्ट झाले.

स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पीन दिल्यामुळे निश्चेष्ट पडलेल्या सशांना एल-डोपा हे द्रव्य टोचले, तेव्हा ते ससे थोड्याच वेळात उठून हिंडू लागले. डोपामीन हे स्वतंत्र संदेशवाहक आहे व त्याच्या अभावी हालचाली थांबतात, हे यावरून दिसून आले. कंपवातावर आजही दिली जाणारी एल-डोपाची चिकित्सा या प्रयोगातून निघाली व कार्लसन यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या ठिकाणी एक योगायोग नोंदण्याजोगा आहे : एल-डोपा विपुल असलेली खाजकुइली हीदेखील आयुर्वेदात पूर्वापार वापरात असलेली भारतीय वेल आहे.

वापराला उतरती कळा : औषधाचा प्रसार झाला तसे दोषही दिसू लागले. नाक चोंदणे, सुस्ती, नाडी मंदावणे, जठरातील व्रण बळावणे हे परिणाम नित्याचे होते. त्यांहून चिंतेची बाब म्हणजे काही रोग्यांना तीव्र अवसाद (खिन्नता) येऊन ते आत्महत्येस प्रवृत्त झाल्याची वृत्ते १९५० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाली. यावरून, संदेशवाहक द्रव्ये कमी झाली की अवसाद येतो, असा सिद्धांत रचला गेला व अवसादावरील पुढच्या औषधांच्या शोधाला त्याने दिशा दिली. मूळ पुरावा मात्र वाटतो तेवढा पक्का नव्हता. लंडनमध्ये डेव्हिस व शेपर्ड यांनी १९५५ मध्येच चिंताग्रस्त व खिन्न रोग्यांना रेसर्पिनाने बरे वाटते, असे नियंत्रित प्रयोगाने दाखविले होते. त्याकडे त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नाही. अवसादाची वृत्ते बहुधा मोठ्या मात्रा घेणाऱ्या रोग्यांची होती व अल्प मात्रेत हा धोका बराच कमी असतो, असे पुढे दिसून आले. तरीही अवसादाचा इतिहास असलेल्या व्यक्तीस हे औषध देऊ नये, हा नियम कायम आहे. १९७४ मध्ये रेसर्पिनाचा संबंध स्तनांच्या कर्करोगाशी जोडणारे तीन लेख लॅन्सेट मध्ये एकाच वेळी आले. नंतरच्या पाहणींत हा संबंध टिकला नाही, पण औषधाची जी अप्रतिष्ठा व्हावयाची ती होऊन गेली.

विशेष असे की, रक्तदाबावरील उपचाराने प्राण वाचतात हे प्रथम निःसंशय सिद्ध झाले ते रेसर्पिनाचा समावेश असलेल्या उपचारानेच. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या व १९६७ आणि १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत थायाझाइड, रेसर्पीन व हायड्रॅलाझीन ही तीन औषधे एकत्र दिली होती. पक्षाघात व हृदय निकामी होणे यांचे प्रमाण इतके घटले की, तीव्र रक्तदाबाच्या गटातील चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. रेसर्पीन स्वस्त असून दिवसातून एकदा घेतले तरी पुरते. नव्या व महागड्या औषधांपुढे ते मागे पडले यात दुष्परिणामांइतकाच बाजारपेठेचाही हात असावा. मुळातील अजमलिनाचा वेगळाच उपयोग पुढे आला : हृदयाच्या अनियमित स्पंदनांवर ते वापरले गेले आणि ब्रुगाडा लक्षणसमूह या हृद्‌विकाराच्या निदानासाठी ते आजही काही देशांत टोचले जाते. आयुर्वेदीय औषधांत सर्पगंधा घनवटीसारख्या कल्पांतून मूळ वापरले जाते. ते प्रभावी द्रव्य असल्याने केवळ ‘वनौषधी’ म्हणून वैद्यकीय सल्ल्यावाचून घेणे धोक्याचे आहे.

रानांची लूट : १९५२ नंतरच्या काही वर्षांत परदेशांतून मुळांना एकाएकी प्रचंड मागणी आली. मूळ काढायचे म्हणजे झाड उपटायचे. बी धरण्यापूर्वीच झुडपे खणली गेली तर पुढची पिढीच उरत नाही, आणि या झुडपाचे बी मुळातच कमी रुजते. उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओरिसा व आसाम येथील वनांतून गोळा करणारे बहुधा आदिवासी व भूमिहीन लोक होते. त्यांना मिळणारा मोबदला आणि औषधाची किंमत यांत प्रमाणच नव्हते. थोड्याच वर्षांत जवळची राने रिकामी झाली. भारत सरकारने कच्च्या मुळांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा परदेशी कारखानदार आफ्रिकेतील रौवोल्फिया व्हॉमिटोरिया या जातीकडे वळले. तो वृक्ष मोठा असून त्यात रेसर्पिनाचे प्रमाणही अधिक असते. त्यामुळे भारताची मक्तेदारी संपली, तरी रानांवरील ताण काहीसा हलका झाला. देशांतर्गत मागणीमुळे तो पूर्णपणे मात्र कधीच गेला नाही. संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्पगंधेचा समावेश १९९० पासून आहे. कोकण व सह्याद्रीतही ती आता सहजी दिसत नाही. अशा स्थितीत लागवड हाच मार्ग उरतो.

लागवड : सर्पगंधेस उष्ण व दमट हवामान, भरपूर पाऊस व अंशतः सावली मानवते. १०° ते ३८° से. तापमानात ती चांगली वाढते. कडक थंडीत पाने गळतात. जमीन सेंद्रिय द्रव्ययुक्त, निचऱ्याची, किंचित अम्लधर्मी दुमट असावी. फार वाळुसर जमिनीत मुळे रोगट होतात आणि चिकण जमिनीत ती काढताना तुटतात. पाणी साचून राहणे हिला मुळीच सोसत नाही.

अभिवृद्धी बिया, मुळांचे तुकडे किंवा खोडाची छाटकलमे यांपासून करतात. बियांपासून वाढविलेल्या झाडांची मुळे सर्वांत जाड व वजनदार असतात, म्हणून कष्टाचा असला तरी हाच मार्ग पत्करावा. अडचण रुजण्याची आहे. आठळीचे कवच कठीण असते व पुष्कळ आठळ्या पोकळ निघतात. रुजण्याचे प्रमाण १० ते ५० टक्के इतके कमीजास्त असते. त्यासाठी पिकलेली ताजी फळे चोळून, धुऊन बी काढतात, पाण्यात टाकून तरंगणारे काढून टाकतात व तळाशी बसलेले चोवीस तास भिजवून एप्रिलअखेर ते मेमध्ये सावलीतील गादी वाफ्यात पेरतात. हेक्टरी ५ ते ६ किग्रॅ. बी लागते. जुने बी वापरण्यात अर्थ नाही. रोपे १० ते १२ सेंमी. उंच झाली की जुलैमध्ये ६० सेंमी. अंतरावरील सऱ्यांत ३० सेंमी. वर लावतात. लागवडीपूर्वी हेक्टरी २० ते २५ टन शेणखत घालतात. मुळांचे २.५ ते ५ सेंमी. लांबीचे तुकडे लावल्यास हेक्टरी सु. १०० किग्रॅ. ताजी मुळे लागतात व त्यांतील निम्मे तुकडे फुटतात.

पहिल्या वर्षी खुरपणीकडे दुर्लक्ष झाल्यास हे मंद वाढणारे रोप तणात हरवून जाते. बी धरावयाचे नसल्यास फुलोरे खुडतात, म्हणजे मुळे पोसतात. ओळींमधील मोकळ्या जागेत पावसाळ्यात सोयाबीन व हिवाळ्यात लसूण किंवा कांदा घेता येतो. पीक दीड वर्षानंतर हाती येत असल्यामुळे लहान शेतकऱ्यास हा आधार आवश्यकच आहे. इंदूर येथे निवडलेला आरएस-१ हा प्रकार रुजण्यास व उत्पन्नास चांगला आहे. पानांवरील ठिपके व पाने खाणाऱ्या अळ्या यांचा उपद्रव होतो, पण तो सहसा आटोक्यात राहतो.

मुळे लागवडीनंतर १८ महिन्यांनी, शक्य तर दोन ते तीन वर्षांनी, हिवाळ्यात पाने गळल्यावर काढतात. या वेळी त्यांतील अल्कलॉइडांचे प्रमाण अधिक असते. जमीन आदल्या दिवशी ओलावून खोल खणावी लागते. मुळांतील बहुतेक, सु. ९० टक्के, अल्कलॉइडे सालीत असतात. म्हणून धुताना व हाताळताना साल खरचटू न देणे हे या पिकातील सर्वांत महत्त्वाचे कौशल्य होय. सावलीत वाळवून ओलावा ८ ते १० टक्क्यांवर आणतात. वाळताना वजन निम्म्याहून कमी होते. हेक्टरी एक ते दोन टन वाळलेली मुळे मिळतात व ती कोरड्या जागी, हवाबंद पिशव्यांत ठेवतात, अन्यथा बुरशी येते.

बाजारात या मुळांत भेसळ फार होते. मूळची अमेरिकेतील पण भारतात रानटी झालेली रौवोल्फिया टेट्राफायला (बडी चंद्रिका) तसेच दक्षिणेकडील रौवोल्फिया डेन्सिफ्लोरा यांची मुळे सर्पगंधा म्हणून विकली जातात. पहिलीत रेसर्पीन असते, तरी एकंदर घटक व त्यांचे प्रमाण वेगळे आहे. अस्सल मुळाची साल मऊ, बुचासारखी व उभ्या सुरकुत्यांची असते, ते मोडले असता तुकडा सरळ व आखूड तुटतो आणि कडवटपणा लगेच जाणवतो. भेसळीची मुळे बहुधा अधिक कठीण व काष्ठमय असतात. खात्रीसाठी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली छेद पाहणे किंवा अल्कलॉइडांचे रासायनिक मापन करणे आवश्यक ठरते.